धंदा सुरू होण्याआधीचा खर्च आयकरात कुठे धरायचा?

पहिलं बिल कधी फाडलं ते सोडा, धंदा सज्ज कधी झाला ते बघा. जागा, माल, माणसं तयार झाली की तिथून पुढचं भाडं, पगार थेट खर्चात, गिऱ्हाईक फिरकलं नसलं तरी. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९५४ सालीच सांगितलंय.

आधीचा प्रकल्प अहवाल, बाजार पाहणी, कंपनीची नोंदणी फी मात्र ५ वर्षांत समान हप्त्यांनी वजा होते, तीही प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंतच.

लॅपटॉपवर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट. एप्रिल ते मार्च या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर असेल तर निम्मा. जानेवारीत घेतलेल्या ६०,००० च्या लॅपटॉपवर १२,०००.

सुताराला एका दिवसात १०,००० वर रोख दिलेत, तर ती रक्कम फर्निचरच्या किमतीत धरत नाहीत. घसाराही बुडतो. यूपीआय करा.