ट्रिपच्या आधी अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची सात सीटर डिझेल एसयूव्ही सात वर्षं जुनी आहे. आधी हायवेला लिटरला १३ किलोमीटर द्यायची, आता जेमतेम ११ येतंय. पुढच्या महिन्यात पाच जणं मिळून २००० किलोमीटरची ट्रिप आहे, सामानासाठी वर कॅरिअर आणि बॉक्स लावलेलाच आहे. मित्र म्हणतात स्पोर्ट्स एअर फिल्टर बसव, टाकीत अ‍ॅडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायचं औषध) टाक आणि टायरमध्ये हवा जरा जास्तच मार. काय काय करून घेऊ?

उत्तर: मित्रांचं राहू द्या, आधी टपावर बघा. तो बॉक्स कधी लावलात? १३ चं ११ त्याच सुमारास झालं असेल तर चोर सापडला, कारण एसयूव्ही मुळातच उंच आणि त्यात वर मोठा बॉक्स, म्हणजे ताशी १०५-१२० च्या स्पीडला नुसत्या त्या बॉक्सपायी अ‍ॅव्हरेज १० ते २५ टक्के पडू शकतं. तुम्ही पाचच जणं आहात ना, मग मागची सीट पाडा, सामान आत घ्या आणि बॉक्ससोबत कॅरिअरचे बारही काढून ठेवा, रिकामे बारसुद्धा हवा अडवतातच.

दुसरी गोष्ट स्पीड, आणि ही कुणाला ऐकायचीच नसते. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी ११० ने गेलात की तो जवळपास दुप्पट. ९० च्या आसपास एकसारखी चालवा, सपाट रस्ता असेल तर क्रूझ कंट्रोल (स्पीड आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) लावा. २००० किमीला ११ ने साधारण १८२ लिटर लागतं, १३ ने १५४. हे २८ लिटर मेकॅनिककडे जाऊन नाही, उजव्या पायाने वाचतात.

टायरचं म्हणाल तर हवा कमी असली की नुकसान होतंच, पण लोकांना वाटतं तेवढं नाही, एक पीएसआयला साधारण ०.२ टक्के. खरी भीती वेगळीच आहे, फुल लोड, कमी हवा आणि दिवसभर हायवे म्हणजे टायर तापून फुटायची शक्यता. म्हणून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो तो बघा आणि सकाळी टायर थंड असतानाच तेवढी भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. स्टिकरपेक्षा जास्त मारली तर टायर मधोमध झिजतो आणि ग्रिप जाते ते वेगळंच. आणि हो, मध्ये मोठ्या साइजचे टायर टाकलेत का? तसं असेल तर मीटर किलोमीटर कमी मोजतोय, म्हणजे अ‍ॅव्हरेज दिसतंय तितकं पडलेलं नसेलही.

फिल्टर घाण असेल तर कंपनीचाच नवा टाका, पिकअप सुधारेल, अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडणार नाही. तेल लावलेल्या स्पोर्ट्स फिल्टरने एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) खराब होऊ शकतो, कशाला विकतचं दुखणं. अ‍ॅडिटिव्हचे पैसे डिझेललाच घाला.

गॅरेजला दोन गोष्टी मात्र नक्की बघायला सांगा. एक, ब्रेक चिकटतोय का: हायवेवरून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकलेला असू शकतो (हात जवळ न्या, डिस्कला लावू नका). दोन, टेंपरेचरचा काटा बराच वेळ चालवूनही खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असू शकतो, मग इंजिन कायम थंड आणि डिझेल जास्त खातं.

प्रश्न: घाट उतरताना न्यूट्रल केली तर डिझेल वाचतं ना? आणि एसी बंद करून काचा उघड्या ठेवल्या तर?

उत्तर: न्यूट्रल अजिबात नको. गिअरमध्ये असताना एक्सिलरेटर सोडला की आजकालच्या इंजिनमध्ये इंजेक्टर डिझेल बंदच करतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापले की पुढच्या वळणाला लागतच नाहीत. काचांचं म्हणाल तर गावातल्या स्पीडला उघड्या ठेवा, हायवेला बंद करून एसी लावा.