शेरव्हॉयच्या काळोखात कुठली लेन्स न्यावी

उत्तर नॉर्वेतल्या शेरव्हॉयला ऑर्का आणि हंपबॅक या व्हेलचे पाण्याखाली फोटो काढायला नोव्हेंबरात जातोयस, म्हणजे उजेडाची बोंबच असणार. महिनाअखेरीस तिथे सूर्य उगवायचाच थांबतो. दुपारच्या आसपास काही तास निळसर संधिप्रकाश, बस्स. त्यामुळे भिंगापेक्षा आधी तुझा कॅमेरा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० वर फोटोत किती दाणे दाखवतो ते घरीच तपासून घे.

पहिल्या खेपेला मी फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाची लेन्स, घेऊन गेलो. ऑर्का आठ-दहा मीटरवरून गेले आणि फोटोत आले झुरळाएवढे! फिशआय हवी ती हंपबॅक अगदी अंगाशी आला तरच, आणि ते काही आपल्या हातात नाही. फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६-३५ मिमीची लेन्स घे, झूम कामी येतो. एफ/२.८ वाली (आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त) परवडत असेल तर उत्तम, पण नुसत्या त्या आकड्यावर भाळू नकोस. डोममागे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या घुमटाकार काचेमागे, एवढं छिद्र उघडलं की फोटोचे कोपरे धूसर पडतात. इथे मात्र कोपऱ्यांत काळं पाणीच असतं, त्यामुळे मी बिनधास्त एफ/४ ला ठेवतो. शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको. व्हेल संथ वाटतो, पण लाटेवर आपणच हलत असतो.

स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, घरी ठेव. पाण्यात हेरिंग माशांचे खवले तरंगत असतात, फ्लॅश पडला की सगळीकडे पांढरे ठिपके.

हो, आणि जाड हातमोज्यांनी झूमची चकती फिरते का, ते बादलीत हात घालून बघ. माझी फिरत नव्हती.