वडिलांच्या मेंदूतल्या फुग्याला क्लिप लावावी की कॉइल?

तुम्ही लिहिलंय, वडील ५८ वर्षांचे. काल रात्री डोकं फुटतंय असं दुखलं, उलटी झाली, सीटीत ब्लीड, म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव, निघालं. अँजिओत (धमन्यांच्या तपासणीत) एमसीए या मेंदूतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर ६ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे धमनीची कमजोर होऊन फुगलेली जागा, दिसला. सर्जन क्लिपिंग, म्हणजे कवटी उघडून फुग्याला चिमटा लावणं, सांगतायत आणि भाऊ म्हणतोय, कवटी उघडायचीच कशाला, मांडीतल्या धमनीतून कॉइलिंग, म्हणजे फुग्यात तार भरणं, करून घेऊ.

मी डॉक्टर नाही. न्यूरो आयसीयूत अकरा वर्षं सिस्टर आहे, दोन्हीकडचे पेशंट सांभाळलेत. निर्णय डॉक्टरांचाच, पण तो कशावर ठरतो ते सांगते.

भावाचं म्हणणं हवेतलं नाही. २००२ साली लॅन्सेटमध्ये आयसॅट नावाचा मोठा अभ्यास आला होता. ब्लीड झालेल्या २१४३ पेशंटपैकी कोणाला क्लिप, कोणाला कॉइल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. वर्षभरानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले पेशंट क्लिपवाल्यांत ३०.६ टक्के, कॉइलवाल्यांत २३.७. तेव्हापासून जगभर कॉइलिंग वाढलं. पण ते २१४३ जण ९५५९ पेशंटमधून निवडलेले होते, आणि निवडले तेवढेच ज्यांच्याबाबत दोन्हीपैकी काहीही चालेल असं डॉक्टरांना वाटलं. त्यांतही एमसीएचे फुगे थोडेच होते. म्हणून तो आकडा जसाच्या तसा तुमच्या वडिलांना लावता येत नाही.

एमसीएच्या फाट्यावरचा फुगा बऱ्याचदा रुंद मानेचा असतो, म्हणजे धमनीला जोडलेलं त्याचं तोंड रुंद असतं, आणि पुढच्या फांद्या त्या मानेतूनच निघतात. कॉइल म्हणजे केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार, फुग्यात गुंडाळी करून भरायची. तोंड रुंद असेल तर गुंडाळी बाहेर सरकून चालू धमनीत येऊ शकते. ती अडवायला स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू कराव्या लागतात, आणि ताज्या ब्लीडमध्ये त्या गोळ्यांची भीतीच वाटते. उलट हा फुगा सर्जनला तुलनेने जवळ सापडतो. मायक्रोस्कोपखाली मान मोकळी करून टायटॅनियमचा चिमटा लावला की फुग्याचा रक्तपुरवठा तिथेच तुटतो. रक्ताची मोठी गाठ मेंदूला दाबत असेल तर तीही त्याच वेळी काढता येते. हाच फुगा मागे, बॅसिलर धमनीच्या टोकाशी असता तर मी भावाच्या बाजूने बोलले असते. तिथे चाकूने पोचणं फार अवघड असतं.

कॉइलिंगनंतर पेशंट लवकर उठतो, हे मी रोज बघते. मांडीतून केलं असेल तर पाय काही तास सरळ ठेवला की बरेचसे पेशंट दुसऱ्या दिवशी बसतात. पण कॉइल दबून फुगा पुन्हा भरू शकतो, म्हणून काही महिन्यांनी परत अँजिओ असते. ती चुकवू नका.

मला जास्त काळजी वेळेची वाटते. फुटलेला फुगा पुन्हा फुटायचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वात जास्त. एका काकांची मुलं दोन दिवस सीडी घेऊन दवाखाने फिरत होती. तिसऱ्या पहाटे काकांचा फुगा बेडवरच पुन्हा फुटला, आणि ऑपरेशनची वेळच आली नाही. दुसरं मत घ्यायचं तर आजच घ्या, फिल्म फोनवर पाठवून. तुमच्या सर्जनना दोनच गोष्टी विचारा: फुग्याची मान किती रुंद आहे, आणि इथे क्लिपिंग व कॉइलिंग दोन्ही नियमित होतं का. एकच होत असेल तर दोन्ही करणाऱ्या टीमला अँजिओ दाखवाच.

फुगा बंद झाला तरी साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत धमन्या आखडू शकतात. त्यासाठी निमोडिपिन हे औषध २१ दिवस, दर चार तासांनी, रात्री दोनलासुद्धा. सिस्टर झोपलेल्या वडिलांना उठवायला आली तर तिला अडवू नका.