वाचकांचे प्रश्न : मांगाचा अभ्यास

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हा विषय घेतला. मार्गदर्शकांनी ‘हे नुसतं कथासार आहे’ म्हणून आराखडा परत केला. मला जपानी येत नाही. काय करू? — विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. चित्रं काढून टाकली तरी तुमचं प्रकरण जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ते मांगाबद्दल नाही.

एकच मालिका घ्या, तिचा एकच खंड, आणि त्यातली सलग 40 पानं. वहीत रकाने आखा : पान क्रमांक, चौकटी किती, त्यांतल्या शब्द नसलेल्या किती, चौकट फोडून बाहेर आलेलं चित्र, ध्वनिशब्द (‘धाड्’, ‘खट्’ असे चित्रातच रेखलेले आवाज). शेवटचा रकाना सर्वांत कष्टाचा : एका चौकटीतून दुसरीत जाताना नेमकं काय बदललं? अमेरिकी कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 मध्ये याचे सहा प्रकार मांडले. क्षण बदलतो, कृती बदलते, पात्र किंवा वस्तू बदलते, स्थळकाळ बदलतो, एकाच जागेचा पैलू बदलतो, किंवा दोन चौकटींचा काहीच संबंध नसतो. पैलूच्या प्रकारात घड्याळ थांबतं आणि नजर फिरते : पागोळ्या, ओली चप्पल, विजेची तार. मॅक्लाउड यांना तपासलेल्या जपानी मांगांत हा प्रकार अमेरिकी कॉमिक्सपेक्षा जास्त आढळला. तुमच्या 40 पानांत तसं दिसतं का, हा छोटा पण खरा संशोधनप्रश्न आहे.

घोळ होतो तो ‘कृती’ आणि ‘पात्र’ यांत. चेंडू फेकणारा एका चौकटीत, झेलणारा पुढच्या चौकटीत, तर हे कशात धरायचं? नियम आधी लिहून ठेवा. मग पहिली पाच पानं मैत्रिणीला वेगळी मोजायला द्या. आकडे फार जुळले नाहीत तर तुमची व्याख्या सैल आहे, मैत्रीण नाही.

मोबाइलवर मोजू नका. तिथे बहुधा एकेक पान दिसतं, त्यामुळे जोडपानावर पसरलेलं चित्र मधोमध तुटतं. शिवाय पान उलटण्याचा झटका जातो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून उत्कंठेची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते आणि उत्तर पान उलटल्यावर मिळतं. विनापरवाना स्कॅनमध्ये कडा कापलेल्या आणि ध्वनिशब्द पुसून पुन्हा रंगवलेले असू शकतात. अशा प्रतीवरून काढलेला निष्कर्ष टिकणार नाही. अधिकृत अनुवाद घ्या, आवृत्ती आणि अनुवादकाचं नाव टिपा. जपानी येत नसताना पानाच्या रचनेवर हक्काने लिहा, संवादांच्या शब्दकळेवर मात्र नको.

जपानी चित्रकार होकुसाईंची ‘मांगा’ हीच पहिली मांगा म्हणायची का? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या चित्ररामायणाशी तिची तुलना करता येईल? — चित्रकला शिक्षक, वाई

नाव तेच, वस्तू वेगळी. ‘होकुसाई मांगा’चा पहिला भाग 1814 मध्ये निघाला आणि पंधरावा 1878 मध्ये, म्हणजे होकुसाई 1849 मध्ये गेल्यानंतर. त्यात माणसं, प्राणी, झाडं, लाटा आहेत; शिकणाऱ्याने गिरवावीत अशी सुटी रेखाटनं. कथा सांगणारी चौकटींची साखळी नाही. ‘पहिली मांगा’ हा किताब देण्याच्या भानगडीत पडूच नये.

चित्ररामायणाशी तुलना करायचीच तर होकुसाई सोडा, जपानी चित्रगुंडाळ्या घ्या : एमाकी. त्याही उजवीकडून डावीकडे उलगडतात, आणि काही गुंडाळ्यांत तेच पात्र एकाच दृश्यात पुन्हा येतं. वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा : लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये किती काळ गेला? चित्ररामायणात एका प्रसंगाला एक चित्र, मधला काळ दिवसांचा किंवा वर्षांचा, आणि तो आपण माहीत असलेल्या कथेने भरतो. मांगात तो अनेकदा पापणी लवण्याइतका असतो.

जुन्या इंग्रजी प्रतीत बहुतेक तलवारबाज डावखुरे का दिसतात? — कराड

पानं आरशासारखी उलटी छापली आहेत, डावीकडून वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी. किमोनो पाहा. तो घालताना डावी बाजू उजवीवर येते. उजवी वर येते ती फक्त मृताला नेसवताना. उलट्या छपाईत सगळं गावच अंत्ययात्रेच्या पोशाखात फिरतं. अशी प्रत मोजणीसाठी घेतली तर तसं नमूद करा.

‘शोजो’ देवनागरीत कसं लिहावं? — मिरज

आपल्याकडे ‘ओ’ एकच. जपानीत ऱ्हस्वही आहे आणि दीर्घही. दीर्घ ‘शो’ असेल तर अर्थ मुलगी, आणि मुलींसाठीच्या मांगाला तेच नाव. ऱ्हस्व असेल तर अर्थ शारीरसंबंध न आलेली स्त्री. प्रबंधात ‘शोऽजो’ असं अवग्रहाने लिहा आणि पहिल्याच पानावर खुलासा करा. ‘शोऽनेन’लाही (मुलग्यांसाठीची मांगा) हाच नियम. व्यक्तिनावांत जपानी क्रम पाळायचा असेल तर आडनाव आधी, जसं मांगाकार तेझुका ओसामू. पण मग संदर्भसूचीपर्यंत तोच क्रम ठेवा, अर्ध्यात बदलू नका.