जपानच्या ट्रिपमध्ये पोरांना खायला काय घ्यायचं?

प्रश्न: ताई, दिवाळी झाली की नोव्हेंबरमधे आम्ही १२ दिवस जपानला चाललोय, टोकियो, क्योतो, ओसाका. मुलगी २ वर्षांची, मुलगा ५. आम्हाला अंडं चालतं पण मांसमच्छी नाही. सासूबाई म्हणतायत अर्धी बॅग फराळाने भर, नवरा म्हणतो तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर २४ तास दुकानं असतात, ओझं कशाला. कोणाचं ऐकू?
– ठाण्याची एक आई

उत्तर: पहिले दोन दिवस सासूबाईंचं ऐक, मग नवऱ्याचं. पोहोचल्या दिवशी पोरं झोपेच्या घोटाळ्यात असतात आणि तेव्हा ओळखीची चवच लागते, त्यामुळे चकल्या, शंकरपाळे, खाकरे खुशाल घे. चिवडा मात्र दाणे काढून. जपानच्या ग्राहक खात्यानेच २०२१ मधे सांगितलंय की ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे, सुकामेवा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, म्हणजे तुझा मुलगाही त्यात आला. आणि ताजी फळं बॅगेत टाकू नकोस, एअरपोर्टवर काढून घेतील.

आता नवरा म्हणतोय ती दुकानं, म्हणजे कोनबिनी. केळी, दूध, ब्रेड, उकडलेली अंडी सगळं मिळतं, पण तुझ्यासारखीला खरी गोची माशाची आहे कारण तिकडे सुकवलेल्या माशाचा अर्क कशातही असतो, सूपात, सॉसमधे, अगदी चिप्सच्या मसाल्यातसुद्धा. आम्ही गेलो होतो तेव्हा मी भाताचा त्रिकोण (ओनिगिरी) साधा भात समजून उचलला, पोराने अर्धा मिटक्या मारत खाल्ला आणि मग आतून ट्यूना मेयो, म्हणजे मासा निघाला! त्याला आवडलं होतं हे माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. साधा मिठाचा हवा तर "शिओ मुसुबी" विचार, आंबट प्लमचा "उमे", पण प्रत्येक वेळी फोनच्या कॅमेऱ्याने मागचं लेबल ट्रान्सलेट करून बघच. वर गुंडाळलेला नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा) छोटीच्या टाळूला चिकटतो, काढून टाक किंवा बारीक तुकडे कर. गमीज, मार्शमेलो आणि काही दह्यांतही जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं, ते पण बघ.

एक गोष्ट अजिबात घेऊ नकोस, कोन्याकू जेली. छोट्या कपात रंगीत, गोंडस दिसते, पण रबरासारखी असते, विरघळत नाही, घशात अडकून तिकडे मुलं आणि म्हातारी माणसं दगावलीयत. पाकिटावर लहान मूल आणि आजीआजोबांचं चित्र काढून वॉर्निंग छापलेली असते, ते चित्र दिसलं की ठेवून दे.

मग घ्यायचं काय, तर भाजलेलं रताळं! याकिइमो म्हणतात, सुपरमार्केटच्या दाराशी गरम मशीनमधे ठेवलेलं असतं, आणि नोव्हेंबर म्हणजे त्याचा ऐन सीझन. नुसतं सोलून दे, तूप-गूळ काही लागत नाही इतकं गोड. आमच्याकडे उपासाचं रताळं बघून नाक मुरडणारा पोरगा तिकडे रोज मागायचा. दुसरं अनपान, लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण भरलेला पाव समज. आणि छोटीसाठी कोनबिनीत नाही, ड्रगस्टोअरमधे जा, तिथे बाळांचा वेगळा कप्पा असतो, कितव्या महिन्यापासून चालेल तो आकडा पाकिटावर मोठा छापलेला असतो, तांदळाच्या विरघळणाऱ्या बिस्किटांवर ७ दिसेल. नळाचं पाणी पिता येतं. बाटलीतला चहा घेशील तर "मुगिचा" घे, म्हणजे जवाचा चहा, त्यात कॅफिन नसतं, तिथली बाळं तेच पितात. शेजारची ग्रीन टी जवळपास तशीच दिसते, सांभाळून.

प्रश्न: तिकडे ट्रेनमधे खाल्लं तर लोक रागावतात म्हणे? लेकरू तासभर उपाशी कसं ठेवायचं?
– नाशिकहून एक बाबा

उत्तर: कोणी ओरडत नाही हो, पण लोकल, मेट्रोत सहसा कोणी खात नाही, त्यामुळे चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच भरवा. शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनमधे मात्र बिनधास्त खा, सगळे डबे उघडून बसलेले असतात. फक्त चढण्याआधीच घेऊन ठेवा, टोकियो-ओसाका मार्गावरची खाऊची ट्रॉली ऑक्टोबर २०२३ मधेच बंद झालीय (ग्रीन, म्हणजे वरच्या क्लासमधे मात्र फोनवरून जागेवर मागवता येतं). आणि पर्समधे दोन रिकाम्या पिशव्या असू द्या, रस्त्यावर कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही, केळ्याची सालं दिवसभर घेऊन फिरायचीत.