नवी गाडी, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा

प्रश्न : दादा, दोन महिन्यांपूर्वी पहिलीच गाडी घेतली. मधलं व्हेरियंट आहे, मोठा टचस्क्रीन आलाय, चार दारांत चार स्पीकर आहेत पण ट्वीटर (बारीक, तीक्ष्ण सुरांचे छोटे स्पीकर) नाहीत. आवाज थोडा वाढवला की नुसता कर्कश होतो आणि बेस तर जवळपास नाहीच. एक मित्र म्हणतो स्क्रीनच बदलून टाक, दुसरा म्हणतो डिकीत मोठा वूफर (फक्त बेसचा स्पीकर) बसव. हप्ते चालू असल्यामुळे हातात पैसे मोजकेच आहेत आणि वॉरंटीचंही टेन्शन आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळ्यात आधी पहिल्या गाडीबद्दल मनापासून अभिनंदन! आणि हो, दोन्ही मित्रांचं आत्ता ऐकू नका. स्क्रीनला तर हातच लावू नका, कारण आजकालच्या गाड्यांत रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, गाडीची निम्मी सेटिंग्ज सगळं त्या स्क्रीनला जोडलेलं असतं, ते एकदा सुटलं की परत जुळवताना सगळं बजेट तिथंच संपतं. डिकीतल्या वूफरचं म्हणाल तर समोरचे स्पीकर कर्कश असताना मागे धडधड वाढवली की कर्कश अधिक धडधड एवढंच हाती येतं.

तुमचे पैसे समोरच्या दोन दारांत घाला. त्यातही आधी दार, मग स्पीकर.

हे एवढं ठासून का सांगतोय ते बघा. दारावर मुठीनं हलकेच ठोका, अगदी आत्ता जाऊन ठोकलंत तरी चालेल. पोकळ डब्यासारखा आवाज येईल. स्पीकरचा कागदी पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो, म्हणजे पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. मागचा आवाज कुठल्यातरी भोकातून पुढं येऊन मिसळला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो बेस. आता दाराचं आतलं प्लास्टिक पॅनल काढलं की दिसतं काय, तर आतल्या पत्र्याला तळहाताएवढी नाहीतर त्याहून मोठी भोकं, आणि त्यांच्यावर काळ्या चिकट पट्टीनं लावलेला एक पातळ प्लास्टिकचा कागद. हा कागद पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून असतो, आवाज अडवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. कितीही भारी स्पीकर अशा दारात बसवला तरी त्याचा बेस तिथंच मरतो. (काही गाड्यांत कागदाऐवजी प्लास्टिकची घट्ट पाटी असते, तुमचं नशीब तसं असेल तर निम्मं काम आधीच झालंय.)

म्हणून ब्युटाइलचे (एक प्रकारचं रबर) पत्र्याची थरथर मारणारे डॅम्पिंग शीट घ्या, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल आणि दुसऱ्या बाजूला जड काळा चिकट थर असलेले. बाहेरच्या पत्र्याला आतून लावायचे, पण सगळा पत्रा झाकायची अजिबात गरज नाही, पाव ते अर्धा भाग झाकला तरी थरथर चांगलीच कमी होते आणि खर्चही आवाक्यात राहतो. पत्रा आधी नीट पुसून कोरडा करा, छोट्या रोलरनं दाबून दाबून बसवा, नाहीतर उन्हात सुटतात. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा. दाराच्या अगदी खाली पाणी निघून जायला बारीक भोकं असतात ती मात्र चुकूनही बुजवू नका, दार आतून सडेल. आणि पॅनल परत लावायच्या आधी काच दोनदा वरखाली करून बघा, शीटची एखादी कड काचेला लागते आणि मग सगळं पुन्हा उघडावं लागतं.

आता स्पीकर. कंपनीचा स्पीकर हातात घेतलात की लक्षात येईल, प्लास्टिकची फ्रेम, छोटासा मॅग्नेट, वजन जवळपास नाहीच. दुसरा घेताना बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेले ३०० वॅट बघू नका, ते क्षणभराचे असतात. आरएमएस (म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते वॅट) बघा आणि सेन्सिटिव्हिटी (म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठा वाजतो तो डेसिबलमधला आकडा) बघा. तुमच्या स्क्रीनवाल्या युनिटवर ५० गुणिले ४ (म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट) लिहिलेलं असलं तरी प्रत्येक स्पीकरला खरे मिळतात साधारण १५ ते २० वॅट, एवढ्याच ताकदीवर स्पीकर चालवायचाय. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलनं जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मेच वॅट लागतात, म्हणून ९० किंवा त्याच्या वरचा आकडा असलेला स्पीकर वेगळा अँप (ॲम्प्लिफायर) न लावताही मोकळा वाजतो. ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) मूळ स्पीकरइतकेच ठेवा, बहुतेक ठिकाणी ४ असतात.

कोॲक्सियल की कॉम्पोनंट हा पुढचा प्रश्न येईलच. कोॲक्सियलमध्ये ट्वीटर मधोमध बसवलेला असतो, बसवायला सोपं आणि स्वस्त. पण दारातला स्पीकर पायाशी असतो, त्यामुळे गाणारा आपल्या घोट्यापाशी बसून गातोय असं वाटतं. कॉम्पोनंटचा ट्वीटर सुटा असतो, तो वर लावला की आवाज समोर काचेपाशी येतो, आणि एकदा ते ऐकलंत ना की परत खालचं ऐकवत नाही. तुमच्या गाडीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ट्वीटर आहेत का बघा, बऱ्याचदा खालच्या व्हेरियंटला जाळी तीच असते आणि आत जागा रिकामी, मग काम एकदम सोपं. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरमध्ये कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर तिथं ड्रिल करायचं नाही, एअरबॅगच्या वाटेत वायरही न्यायची नाही, यात तडजोड नको.

वॉरंटीसाठी एकच, मूळ वायर कापू द्यायची नाही. गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारे तयार कपलर मिळतात ते आधी घ्या, मगच काम सुरू करा. वायर कापलेली असली की पुढं कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला तरी बोट त्याच्याकडेच जातं. जुने स्पीकर बॉक्समध्ये जपून ठेवा.

अजून एक गोष्ट जी मी स्वतः भोगलीये. माझ्या गाडीत डाव्या दाराच्या प्लस मायनस वायर उलट्या लागल्या होत्या आणि मी दोन आठवडे नव्या स्पीकरलाच दोष देत होतो. खूण सांगतो, बेस गायब होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. सुटा स्पीकर हातात असतानाच त्याच्या प्लसला दीड व्होल्टच्या सेलचा प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवा, पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. वायरचा रंग बघून अंदाज करू नका.

मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्या, फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटून देणारी सेटिंग) एकदोन घरं पुढं घ्या.

प्रश्न : डिकीची जागा घालवायची नाहीये, सीटखालचा वूफर चालेल का?

उत्तर : चालेल, पण दारं झाल्यावर. अँप आतच असलेला ८ इंची चपटा वूफर येतो, तो स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेऊ शकतो त्यामुळे स्क्रीनला धक्का लागत नाही. काचा हादरवणारा बेस त्याच्याकडून येणार नाही, पण टायर आणि रस्त्याचा घुं घुं आवाज जो बेस गिळून टाकतो तो बराच भरून निघतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचाच आवाज वूफर वाजवतो ती मर्यादा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. सीट पूर्ण खाली करून उंची मोजा, मागच्या सीटसाठीचा एसीचा झोत तिथूनच जातो का बघा, आणि सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं असतं, इग्निशन चालू असताना ते काढलं की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो. पॉवरची वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर दोन वीत अंतरावर. फ्यूज वूफरच्या बाजूला लावला तर मधली सगळी वायर शॉर्ट झाल्यावर जळायला मोकळी राहते. वायर शुद्ध तांब्याची आहे का विचारा, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली सर्रास खपवतात.

प्रश्न : सध्या एकही पैसा घालायची तयारी नाही, तरी काही होईल?

उत्तर : होईल की. इक्वलायझरच्या सगळ्या पट्ट्या वर नेऊन ठेवल्या असतील तर आधी मधोमध आणा, मग जे टोचतंय तेवढंच खाली करा, वर ढकलत गेलं की छोटा अँप लवकर फाटतो. मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण, गाडीचा गरजेपुरता. गाण्यांच्या ॲपमध्ये क्वालिटी ऑटोवर असते ती सर्वात वरची करा. आणि दाराच्या खिशातली चिल्लर, किल्ल्या, गॉगलची डबी काढून ठेवा, फुटक्या स्पीकरची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत खरखर त्यांचीच असते.