‘जीव वाचला, आता पोटाचं काय घेऊन बसलीस?’

मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास शेवटच्या पाच मिनिटांत निघतो आणि तोही दबक्या आवाजात. ‘दिसण्यासाठी म्हणून एक ऑपरेशन करून घ्यावंसं वाटतंय. एवढ्यातून वाचल्यावर असं वाटणं बरोबर आहे का?’ कुणाला गळ्याखालची सैल कातडी खुपते, कुणाला पापण्या, कुणाला पोट. विचारताना मान खाली असते, चोरी कबूल केल्यासारखी.

ज्यांची हकीकत सांगते आहे, त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ५३. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्याच्या आठ महिने आधी हृदयविकाराचा झटका आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसला. पुढे रोजचं चालणं आणि जेवणातला बदल इतका नेटाने पाळला की १६ किलो वजन उतरलं. डॉक्टर खूश, घरचे खूश. ताईंना मात्र आरशासमोर उभं राहवेना. दोन सिझरनंतर आधीच सैल झालेलं पोट आता रिकाम्या पिशवीसारखं लोंबायला लागलं होतं. टमी टक, म्हणजे पोटावरची सैल कातडी काढून पोट घट्ट करण्याचं ऑपरेशन, करून घ्यायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. नणंदेच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, “जीव वाचला, आता पोटाचं काय घेऊन बसलीस? या वयात ही थेरं कशाला?” मुलगी रडली. नवरा काहीच बोलला नाही, उठून दुसऱ्या खोलीत गेला.

पहिल्या भेटीत मी एवढंच केलं, की ती इच्छा खोडून काढायला गेले नाही. सुटकेचा श्वास टाकून त्या मोकळेपणाने बोलू लागल्या आणि बोलता बोलता सहज म्हणून गेल्या, “मी सगळं वाचून काढलंय. ऑपरेशनच्या आधी पाच दिवस ती रक्त पातळ ठेवणारी एक गोळी बंद ठेवावी लागते. मी आपली गुपचूप बंद ठेवेन. तिथल्या डॉक्टरांना हृदयाचं जास्त सांगितलंच नाही तर?”

मी एरवी सल्ला देत नाही, ऐकते. पण त्या दिवशी मध्येच थांबवून स्पष्ट सांगितलं, की हे करायचं नाही. आणि ते का, हेही समजावलं, कारण नुसतं ‘नको’ म्हटलेलं त्यांनी घरी पुष्कळ ऐकलं होतं. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. शरीर हळूहळू तिच्यावर आपलं पातळ अस्तर चढवतं, पण जाळीवरच्या औषधामुळे ते काम सावकाश होतं. अस्तर नीट चढेपर्यंत रक्ताला ती जाळी परकीच वाटते आणि तिच्यावर गुठळी धरू शकते. ती धरू नये म्हणून दोन गोळ्या. झटक्यानंतर त्या साधारण १२ महिने घ्यायला सांगतात, पुढे बहुतेकांची एक चालू राहते. मध्येच गोळी सोडली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. त्यात शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढलेला असतो. म्हणजे राखणदार रजेवर पाठवायचा आणि नेमकं त्याच रात्री दार सताड उघडं ठेवायचं.

हे ऐकून ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मला हे कुणी सांगितलंच नाही. सगळे म्हणतात, शोभतं का तुला.”

इथेच घरोघरी घोळ होतो असं मला वाटतं. शस्त्रक्रिया आत्ता झेपेल का, हा शरीराचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर डॉक्टरांकडे असतं आणि ते महिन्यांत सांगता येतं. ती हवीशी का वाटते, हा वेगळाच प्रश्न, तो त्या माणसाचा स्वतःचा. घरचे या दोन्हींवर ‘शोभतं का’ची एकच चादर ओढतात. भीती बोलून दाखवणं जड जातं, टोमणा मारणं सोपं जातं. आणि टोमणा खाल्लेलं माणूस मग लपवाछपवी करायला लागतं, ताई करायला निघाल्या होत्या तशी.

त्यांच्या परवानगीने मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले. त्यांचं म्हणणं असं: १२ महिन्यांच्या आत ऐच्छिक शस्त्रक्रियेचं नावही नको. त्यानंतर ताण चाचणी करू, म्हणजे श्रम पडल्यावर हृदय कसं चालतं ते तपासू. दोन मजले न थांबता चढता येतात का, छातीत काही होतं का, ते पाहू. ऑपरेशन ठरलंच तर त्या दोन गोळ्यांतली अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनच करावं लागेल, ते प्लास्टिक सर्जनना चालतं का, हे आम्ही डॉक्टर आपसांत बोलू. रुग्णाने मधे निरोप्या व्हायचं नाही. हे शेवटचं वाक्य मला फार पटलं. (प्रत्येक आजाराचं थांबणं वेगळं असतं. पक्षाघातानंतर सहसा सहा ते नऊ महिने थांबायला सांगतात, फुप्फुसात गुठळी झाली असेल तर निदान तीन. कर्करोगात स्तन काढल्यावर त्याची पुनर्रचना करणं मात्र या हौसेच्या टोपलीत टाकूच नये, तो उपचाराचाच भाग आहे. तरी त्या बायकांनाही हेच टोमणे ऐकावे लागतात, याचा मला राग येतो.)

तारखेचा प्रश्न असा बाजूला निघाल्यावर ‘का’कडे वळायला जागा झाली. आधी नेहमीची चाळणी. झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला ठळक नैराश्य येतं. तसं असेल तर आरशातलं सगळंच कुरूप दिसतं आणि ऑपरेशनने ते निवळत नाही. ताईंची झोप मोडकी होती, पण कामात मन लागत होतं, नातवात जीव रमत होता. दिवसाचे किती तास पोटाच्या विचारात जातात, हेही विचारलं. रोज तासन्‌तास जात असतील, सारखं आरशात पाहणं किंवा आरसा टाळणं चाललं असेल, इतरांना जे जेमतेम दिसतं ते स्वतःला भयंकर वाटत असेल, तर ते वेगळं दुखणं असतं आणि त्याला सुरी लागू पडत नाही. ताईंचं तसं नव्हतं. कातडी खरोखरच लोंबत होती आणि घडीत घामाने पुरळ उठत होतं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, “समजा, ऑपरेशन झालं, जखम भरली, सगळं नीट आहे. त्या दिवशी घरात कुणाचं वागणं बदलेल?”

त्या लगेच म्हणाल्या, “ह्यांचं.” मग थांबल्या. “हे रात्री दोनदा-तीनदा उठतात. दिवा लावत नाहीत. माझ्या पोटाकडे बघत बसतात. वरखाली होतंय ना, श्वास चालू आहे ना, ते बघतात. मी जागी असते, पण डोळे मिटून घेते. आठ महिन्यांत ह्यांनी माझ्याकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघितलेलं नाही. जवळही येत नाहीत. मला वाटतं, पोट नीट दिसलं तर...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही करायला लावलं नाही.

पुढच्या भेटीला दोघांना बोलावलं. नवरा मितभाषी, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेला. रात्रीच्या उठण्याबद्दल मी काढलं नाही, ताईंनीच काढलं. ते म्हणाले, “त्या रात्री मी झोपलेलो होतो. ही अर्धा तास घामाघूम होऊन बसली होती, मला उठवलं नाही. आता मला झोप लागत नाही.” आणि जवळ न येण्याचं कारण? “हिला काही झालं तर?” पोट त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

हा विषय दवाखान्यातून घरी पाठवताना कुणी काढत नाही आणि जोडपी वर्षानुवर्षं एका पलंगाच्या दोन काठांवर झोपतात. खरं तर ज्या माणसाला दोन मजले चढून दम लागत नाही किंवा छातीत दुखत नाही, त्याच्या हृदयाला शरीरसंबंध सहसा झेपतात. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून खात्री करून घ्यायची, एवढंच. मी हे दोघांसमोर सांगितलं. यजमान जमिनीकडे बघत ऐकत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पुढच्या तपासणीला त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं म्हणे.

इथे पुष्कळांना वाटेल, की आता ताईंची ऑपरेशनची इच्छा गेली असेल. तशी ती गेली नाही. नवऱ्याकडून हवं होतं ते ऑपरेशनकडे मागायचं त्यांनी थांबवलं, पण पोट त्यांना नकोच होतं. घडीतलं पुरळ, बसताना अडणारी कातडी, साडी नेसताना होणारी चिडचिड, हे त्यांचं स्वतःचं कारण उरलं आणि ते मला पुरेसं वाटलं. ती हौस आहे, हे त्या आता मान वर करून सांगत होत्या.

शेवटी १७व्या महिन्यात ते झालं. तोवर वजन सहा महिने स्थिर राहिलेलं, ताण चाचणी चांगली आलेली, दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोललेले. टमी टक हे मोठं ऑपरेशन आहे. पूर्ण भूल, ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद, पायात गुठळी होण्याचा धोका, पहिले काही दिवस वाकून चालणं, साधारण सहा आठवडे जड उचलायला बंदी. हे त्यांना आधी लिहून दिलेलं होतं आणि नणंदेलाही त्यांनी ते वाचून दाखवलं. नणंद पहिले चार दिवस सोबतीला येऊन राहिली.

दोन महिन्यांनी ताई भेटायला आल्या. व्रण अजून लालसर आहे, नाभी थोडी वेगळी दिसते म्हणाल्या, सवय होतेय. नवऱ्याच्या झोपेचं विचारलं.

“मधे लागायला लागली होती. ऑपरेशन झाल्यावर हे परत आठ दिवस रात्री उठून बघत होते,” त्या म्हणाल्या. “या खेपेला मी डोळे उघडे ठेवले.”